समुद्राकडची वाट

"आता डावीकडे घे," शेजारच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या आणि ऋजुताने गाडी वळवली. फोनवरचा नकाशा मघाशीच बंद पडला होता. सासूबाई इंग्लंडला पहिल्यांदाच आल्या होत्या, तरी दगडी बांधांमधली एकेक वाट अचूक सांगत होत्या.

"आई, तुम्हाला कसं कळतं?"

"लहानपणी इथूनच जायचो की. टेकडी उतरलं की गाव, गावात चर्च, चर्चमागे आमचं घर."

ऋजुताला गंमत वाटली. त्यांचं सारं लहानपण मिरजेत गेलं होतं.

टेकडी उतरताच रस्ता एका दोरीपाशी संपला. पलीकडे कडा आणि खाली समुद्र. कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा ऋजुताला म्हणाला, "गाव होतं इथं. चर्चसकट समुद्राने गिळलं, त्याला दोनशे वर्षं झाली."

तोवर सासूबाई दोरीखालून वाकून कड्याकडे निघाल्या होत्या. ऋजुताने धावत जाऊन त्यांचा दंड धरला, ओढतच गाडीत आणून बसवलं आणि गाडी माघारी वळवली.

बराच वेळ त्या मागे वळून समुद्राकडे बघत राहिल्या. मग परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही मला कुठे घेऊन चाललात?"