खाटेखालचे कांदे

नलूनं खाटेखालचे कांदे पुन्हा एकदा बाहेर ओढले आणि पोत्यावर पसरले. खाटेवर तिचे सासरे उकंडा गोधडी कमरेपर्यंत ओढून बसले होते. घरात वास असा सुटला होता की तिचा नवरा संघदीप सकाळी भरल्या ताटावरून उठून कामावर गेला.

उकंडांचं म्हणणं एकच. एखादा कांदा नासलाय, आणि सुनेला तो सापडत नाही. त्या एका कांद्यापायी त्यांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं.

कांदा पारखायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. रंगावर जायचं नाही, देठाशी अंगठा दाबायचा. मऊ लागला की तो गेला, आणि एकटा जात नाही, बाजूचे चार घेऊन जातो. अर्धा चांगला असेल तर फेकायचा नाही. नासकं कापून काढायचं आणि उरलेला त्याच दिवशी भाजीत घालायचा. अन्न वाया गेलेलं त्यांना खपत नसे.

नलू एकेक कांदा दाबत गेली. सगळे घट्ट, टरफलं वाजणारी. एकाला कोंब आला होता, तो तिनं संध्याकाळच्या भाजीला बाजूला ठेवला. एखादा तरी मऊ निघावा असं तिला आता मनापासून वाटत होतं. ढीग संपला, पण एकही निघाला नाही.

तिनं वर पाहिलं. चिलटं कांद्यांवर नव्हतीच, गोधडीच्या टोकाशी घोंघावत होती. उकंडांना शुगर होती, आणि शेजारच्या किसनरावांचा पाय शुगरपायीच गुडघ्यातून काढला तेव्हापासून उकंडा दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते.

"मामाजी, कांदे सारे चांगले हायेत. पाय दाखवा."

"नीट पाह्य ना बाई. कांदाच असन."

ती जागची हलली नाही. जरा वेळानं उकंडांनी भिंतीकडे तोंड केलं, संघदीपले सांगू नको म्हणाले, आणि स्वतःच गोधडी सारली.

पायाच्या करंगळीला फडकं गुंडाळलेलं होतं. नलूनं ते सोडलं. करंगळी काळी पडली होती, शेजारचं बोटही धड नव्हतं. तिनं नाकाला पदर लावला नाही. बोटाच्या बाजूला अंगठा टेकवून हलकेच दाबलं आणि दुखतं का विचारलं. ते नाही म्हणाले. ती दाबत दाबत वर गेली. उकंडा भिंतीकडेच पाहत होते.

पावलाच्या मध्यावर अंगठा टेकला तसे ते कळवळले आणि त्यांनी पाय मागं ओढला. नलूला हायसं वाटलं.

"इथून वर चांगला हाये, मामाजी," ती म्हणाली. "आजच दवाखान्यात निंगू."