पाहणीपुरत्या बाई

"बाळाला माझ्याकडे दे आणि तू वर्गात पळ," स्नेहा म्हणाली. "समितीच्या मॅडमना आत्ताच्या आत्ता पाठ बघायचाय. तुझाच."

वंदनाने लेकीला पदराआडून काढलं. दूध अर्धंच झालं होतं. सात महिन्यांच्या त्या जीवाने एकदा आईकडे, एकदा स्नेहाच्या चष्म्याकडे बघितलं आणि ओठ काढले.

कागदोपत्री वंदना या अध्यापक महाविद्यालयात पाच वर्षं शिकवत होती. प्रत्यक्षात ती वर्षातून एकदाच यायची, संलग्नतेची पाहणी असेल त्या दिवशी. स्टाफरूममधले आठही जण तसेच. स्नेहा एरवी बँकेत असायची. लग्नामुंजीत भेटावं तशी ही मंडळी दरवर्षी भेटत आणि एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करत. गेल्या वर्षी सगळ्यांनी मिळून वंदनाला डोहाळे विचारले होते. पगाराचा प्रश्नच नव्हता, पण पाहणी पार पडली की अनुभवाचा दाखला मिळे. आजचा मिळाला की पाच वर्षं पुरी, सरकारी जागेसाठी अर्ज करायला ती मोकळी.

वर्गाच्या दाराशी संस्थेचे सचिव अविनाश उभे होते. "टेन्शन नक्को घ्या, वंदनाताई. पंधरा मिनटाचं काम. काहीही बोला."

आत भिंतीवर नियामक मंडळाचा जुना लाकडी फलक होता. पहिलं नाव अविनाशांच्या आजोबांचं, एकनाथरावांचं. त्याखाली एक लांब बाक. एकनाथरावांच्या काळात मंडळाचे सातही सभासद दर शनिवारी त्या बाकावर बसून होऊ घातलेल्या मास्तरांचे पाठ ऐकायचे. मग मंडळाच्या बैठका हॉटेलात व्हायला लागल्या आणि बाक पाहणीपुरता पुसला जाऊ लागला. आज त्यावर समितीच्या मॅडम बसल्या होत्या, पिकल्या केसांच्या, मांडीवर फाईल घेऊन.

"एक लेसन लीजिए ना, अम्मा," त्या म्हणाल्या. इकडे हिंदीतही धाकट्या बाईला अम्माच म्हणत.

समोर चाळीस जण. बहुतेकांच्या गळ्यातली ओळखपत्रं नवीकोरी. फळ्याच्या कोपऱ्यात आजची तारीख मात्र कुणीतरी सुबक लिहून ठेवली होती.

"तारीख किसने लिखी?" काहीतरी बोलायचं म्हणून वंदनाने विचारलं.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "मैं, मॅडम. रोज लिखती."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अविनाश खोकले.

खडू नव्हता. त्या मुलीनेच दप्तरातून काढून दिला, झिजून बोटाच्या पेराएवढा उरलेला. स्वरूपा, असं तिच्या ओळखपत्रावर होतं. तेवढं एकच ओळखपत्र मळलेलं.

'प्रश्न कसा विचारावा', वंदनाने फळ्यावर लिहिलं. पुढचं घोकून आणलेलं काही आठवेना. तेवढ्यात पलीकडून लेकीचं रडणं ऐकू आलं. आधी कुरकुर, मग टाहो. वंदनाची छाती ठणकली. दारापर्यंत चार पावलं होती. तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"वो बच्ची क्यों रो रही है?" तिने वर्गाला विचारलं.

"भूक लगी हुंगी."

"मच्छर काटा."

"अम्मा होना उसको," तिला आईच हवी असल्याचं खिडकीपाशी बसलेल्या एकाने सांगितलं, आणि सगळे हसले.

"कौन सही है, कैसे पता चलेगा? उसे तो बोलना नहीं आता."

मग स्वरूपाने हात वर केला. "उठा के देखना, मॅडम. चुप हुई तो अम्मा होना था. नई हुई तो दूसरा कुछ पूछना."

"और दूध दिए तो भी चुप होती ना," मागून कुणी अडवलं. "फिर कैसा समझना?"

आणि वाद सुरू झाला. बाकाखालचे मोबाईल बाकावर आले, पालथे पडले. वंदना बोलत होती, ऐकत होती, खडूने बाण काढत होती. पंधरा मिनिटं कधीच उलटून गेली. रडणं कधी थांबलं, ते तिला कळलंच नाही.

समितीच्या मॅडमनी फाईल मिटली. "अच्छा था, अम्मा."

वंदना खडू ठेवणार, तोच स्वरूपा पुन्हा उठली. "मॅडम, होमवर्क?"

दारातून अविनाशांनी जोरजोरात मान हलवली. द्या, द्या.

शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न कोणता विचाराल? वंदनाने लिहून दिलं.

"चेक कब करते आप?"

आता कुणीच हसलं नाही. समितीच्या मॅडमनी वर पाहिलं.

"कल," वंदना म्हणाली.

तासाभरात सगळं आटोपलं. "एकदम फर्स्ट क्लास! आता पुढच्या वर्षी," म्हणत अविनाशांनी दाखला हातात ठेवला. वंदनाने तो बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत सरळ उभा घातला, चुरगळू नये म्हणून. स्नेहाकडून लेकीला घेऊन ती बाहेरच्या पायऱ्यांशी आली; फाटकाबाहेर चिक्कडपल्लीला जाणारी ऑटो थांबली होती.

"मॅडम!"

स्वरूपा जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत आली. हातात उघडी वही, शाई अजून ओली.

"लिख को लाई. अब्बीच देख लेते क्या?"

"कल बोली थी ना मैं..."

"हौ, मॅडम," स्वरूपा म्हणाली. वही तिने मागे घेतली नाही.

ऑटोवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. वंदना तिथेच पायरीवर बसली. एका हाताने लेक सांभाळत तिने वही गुडघ्यावर घेतली, आणि पेनचं टोपण दातांनी काढलं.