मेंदूची झोप

तहसीन मुजावरने टाकीच्या काचेवर हात ठेवला. आत प्रयोगशाळेत वाढवलेला एक जिवंत मेंदू मंद चमकत होता. इचलकरंजीच्या त्या गिरणीचे सगळे माग तोच चालवायचा. पण आठवडाभर तो चुकत होता. निळ्या धाग्याच्या जागी हिरवा धागा जात होता.

"म्हातारा झालाय तो. नवा मागवा," गिरणीचे मालक भूपाल मगदूम म्हणाले.

"म्हातारा नाही, मालक, दमलाय. बसवल्यापासून आपण त्याला एकदाही झोपू दिलेलं नाही."

गिरणीची सगळी यंत्रणा तहसीनच सांभाळायची. नव्या मेंदूला काम शिकवण्यात वर्ष जाईल, हे तिला ठाऊक होतं.

"दोन दिवस माग बंद ठेवू या," ती म्हणाली.

"आणि ऑर्डर चुकली तर?"

"तर माझा राजीनामा घ्या. पण असंच चुकीचं कापड विणत राहिलो, तर ती चुकणारच आहे."

मगदूमांनी स्वतःच मुख्य बटण दाबलं. खडखडाट थांबला आणि टाकीतली चमक हळूहळू विझली.

सोमवारी मेंदू जागा झाला. पहिला तागा बिनचूक उतरला, मग दुसराही. ऑर्डर वेळेत गेली.

पुढच्या महिन्याचं वेळापत्रक नेहमीप्रमाणे मेंदूनेच आखलं. त्यात दर रविवारी माग बंद होते.

"हे त्याला कोणी सांगितलं?" मगदूमांनी विचारलं.

"कोणी नाही. झोप काय असते, ते आता त्याला कळलंय."

मगदूमांनी कपाळाला हात लावला आणि सही केली. गिरणीला आता दर रविवारची सुट्टी मिळाली. पहिल्याच रविवारी तहसीनही दुपारपर्यंत झोपली.