दुपारची गोळी

मुलगा रविवारी दुपारी तासभर यायचा. त्याआधी वडील कंपवाताची गोळी घ्यायचे आणि तेवढा वेळ ती बरोब्बर लागू पडायची. मग न सांडता चहा, वर चेष्टामस्करी. "बाबा ठणठणीत आहेत गं, तूच उगाच बाऊ करतेस," असं आईला ऐकवून चिरंजीव निघायचे. एरवी नवऱ्याला उठवता-बसवता आईची कंबर गेली होती.

या रविवारी ती नवऱ्याला म्हणाली, "आज गोळीशिवाय कसे असता ते त्याला बघू दे, मग गोळी घ्या. मदतीला माणूस ठेवायला तरी तयार होईल."

"माझं सोंग उतरवतेस होय?" वडील हसले, पण कबूल झाले.

मुलगा आला. वडील खुर्चीत लाकडासारखे ताठ, चेहरा कोरा, हनुवटीवर लाळ. शेजारी गोळी तशीच पडलेली.

"आई, गोळी दिली नाहीस?"

"तुला दिसावं म्हणून. आमचं दोघांचं ठरलं होतं."

"दोघांचं? बाबा, हे खरंय?"

वडिलांनी जीव तोडून हो म्हणायचा प्रयत्न केला. गोळीवाचून ना मान हलली, ना आवाज फुटला.