पळीभर पाक

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टर म्हणाले, चित्रं दाखवा, वाट पाहा. त्यांची लेक मारीज रोज एक चित्र पुढे धरायची, आणि रोज आईच उत्तर द्यायची. “गाय! जन्म गोठ्यात गेला यांचा, आणि गाय ओळखेनात?” “आई, परीक्षा तुझी नाहीये!” “मग यांना सांग, पटापट उत्तर द्या म्हणावं.” मार्च होता, बाहेर अजून बर्फ होता आणि अंगणात मेपलच्या झाडांच्या गोड रसाचा पाक उकळत होता. वैतागलेल्या मारीजने पळीभर पाक बर्फावर ओतला, घट्ट होताच काडीवर गुंडाळला आणि आईच्या तोंडात कोंबला. कवळीला कवळी चिकटली. चाळीस वर्षांत त्या घराने अशी शांतता पाहिली नव्हती. मारीजने पुन्हा गाय पुढे धरली. बाबांनी गाय पाहिली, मग हातवारे करणारी आई पाहिली. ओठ थरथरले. “अजून...” मारीजचे डोळे भरून आले. “काय अजून, बाबा?” “अजून एक... दे तिला.”