आग विझवणारी गोळी

सातपूरच्या मैदानावर किशोर सरांनी पोलीस भरतीच्या पोरापोरींना रांगेत उभं केलं आणि गोळ्यांची डबी खुळखुळवली.

"पळलं की शरीर आतून जळतं. अँटीऑक्सिडंटची ही गोळी ती आग विझवते. आठ वर्षांचं पोर असो नाहीतर ऐंशीचं म्हातारं, सगळ्यांना चालते."

स्नेहाचं डोकं सटकलं. "सर, भाजी करपायला लागली तर आम्ही गॅस बारीक करतो. गोळी नाही टाकत."

रांगेत खसखस पिकली. सर तिच्या अंगावरच धावून आले. "लय शहाणी झाली का गं? गोळी घ्यायची नसेल तर उद्यापासून मैदानावर पाय ठेवायचा नाही. बघतो तुला वर्दी कोण घालतं ते!"

फेऱ्या मारायला आलेल्या तिच्या आजोबांनी आपली गोळी केव्हाच गिळली होती. तेही डाफरले, "घे गपचूप! सर काय वैरी आहेत का तुझे?"

स्नेहानं दातओठ खाल्ले. मागच्या भरतीत ती थोडक्यात हुकली होती, पुढची महिन्यावर आली होती, आणि सरांशिवाय पळायला शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. तिनं गोळी जिभेवर ठेवली, पाण्याची बाटली तोंडाला लावली.

तेवढ्यात सरांची पोरगी रोहिणी पुढे आली. तीही याच भरतीला उतरणार होती. "पप्पा, मलापण द्या की एक."

सरांनी तिच्या हातावर फाडकन चापट मारली.


"येडी झाली का? भरतीत पळायचंय ना तुला?"