पंचमीची भरती

"चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते," कॉलेजच्या पुस्तकातलं प्रणाली मोठ्याने वाचत होती.

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ," सुकट निवडता निवडता आई बोलून गेली.

अक्षरओळख नसलेली आई बोटांवर तिथी मोजून साऱ्या वाडीला भरती सांगायची. आठ वर्षांपूर्वी तिने पंचमीची षष्ठी धरली. पाणी पाऊण तास आधीच चढलं आणि लांबच्या खडकांवर कालवं-शिंपले काढायला गेलेले बाबा परतलेच नाहीत. त्यानंतर तिने कुणालाच तिथी सांगितली नव्हती.

"बुकात आणि काय लिवलाय गो?"

प्रणालीने पान उलटलं. पानावर बोट ठेवून ती सावकाश वाचू लागली, "खोल समुद्रात वादळ असलं, तर भरती तासभर आधीही येते. तिथी बरोबर असली तरी वेळ चुकते."

"परत वाच."

तिने परत वाचलं. आईने पदराने डोळे पुसले. मग तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला.

"आज नवमी. पावणेसातला भरती."

प्रणालीने पानावरचं बोट उचललं. तिथे नुसतं चंद्राचं चित्र होतं.